जुन्या घरातलं हीटिंग बिघडलं की आधी माळ्यावर चढा

आमच्याकडे हीटिंग बिघडल्याची पहिली खबर दह्याने दिली. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत गरम पाण्याचा तांब्याचा सिलिंडर वरच्या मजल्यावर एका छोट्या कपाटात असतो. इथले लोक त्यात टॉवेल वाळवतात, आपण विरजण आणि इडलीचं पीठ ठेवतो. नोव्हेंबरातल्या एका सकाळी सांगलीहून आलेल्या सासूबाईंनी ते कपाट उघडलं आणि म्हणाल्या, “अगं, दही लागलंच नाही. नुसतं दूध आहे.” सिलिंडरला हात लावला तर तो थंडगार.

बोलावलेल्या प्लंबरने बॉयलरकडे पाहिलं, त्याचं वय विचारलं आणि नवा बॉयलर घालायचा सल्ला देऊन तो निघून गेला. खरा दोष माळ्यावर होता. तिथल्या छोट्या टाकीचा बॉलकॉक अडकला होता, टाकी कोरडी पडली होती आणि हीटिंगच्या पाइपांत पाण्याऐवजी हवा शिरली होती. बॉयलर बिचारा जास्त तापून स्वतःला बंद करून बसला होता. दोन-तीन पौंडांचा वायसर बदलला, पाणी भरलं, हवा काढली आणि दुसऱ्या दिवशी दही लागलं.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळते: पाणी ज्या वाटेने फिरतं त्या वाटेने हात लावत जायचं आणि बॉयलर सगळ्यात शेवटी. पुढे जे लिहिलंय ते ब्रिटनमधल्या जुन्या घरांसाठी आहे, म्हणजे बॉयलर, वेगळा सिलिंडर आणि माळ्यावर टाक्या अशी मांडणी असलेल्या घरांसाठी. यातली बरीच घरं पहिल्या-दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, पण हीटिंग साधारण १९६० ते १९८० च्या दशकांत बसवलेलं. कॉम्बी बॉयलरवाल्यांना, म्हणजे सिलिंडर आणि टाक्या नसलेल्या, नळ उघडला की पाणी तापवून देणाऱ्या बॉयलरवाल्यांना, यातला रेडिएटरचा (खोली तापवणाऱ्या, गरम पाण्याच्या लोखंडी पॅनेलचा) भाग उपयोगी पडेल.

कशाला हात लावायचा नाही

गॅसच्या कामाला गॅस सेफ नोंदणी असलेला माणूसच लागतो, हा इथला कायदा आहे. ही नोंदणी १ एप्रिल २००९ पासून आहे, त्याआधी कॉर्गी होती. अजूनही कोणी स्वतःला “कॉर्गी रजिस्टर्ड” म्हणवून घेत असेल तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. बॉयलरचं पुढचं झाकण स्क्रूने बसवलेलं असेल तर ते काढायचं नाही. काही जुन्या बॉयलरमध्ये त्या झाकणाची सीलच धूर घरात येण्यापासून अडवत असते.

गॅसचा वास आला तर मीटरजवळचा कॉक बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण दाबू नका आणि बाहेर येऊन ०८०० १११ ९९९ वर फोन करा. हा क्रमांक इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी आहे.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून अलार्म हवाच. निळ्याऐवजी पिवळी लोंबती ज्योत, बॉयलरभोवती काजळी, घरात असताना सगळ्यांचं डोकं दुखणं आणि बाहेर पडल्यावर बरं वाटणं, यातलं काहीही दिसलं तर बॉयलर बंद करून बाहेर पडा.

हीटिंगच्या वायरींना घरातली पूर्ण वीज असते. पंप किंवा व्हॉल्व्हचं झाकण उघडण्याआधी बॉयलरजवळचा फ्यूजवाला स्विच बंद करायचा आणि फ्यूज काढून खिशात टाकायचा. कोणीतरी मागून येऊन “हीटिंग का बंद आहे?” म्हणत स्विच लावतं, हा अनुभव प्रत्येक घरातला आहे. सिलिंडरमधल्या इमर्शन हीटरचा स्विच वेगळा असतो, हेही लक्षात ठेवा. बॉयलर बंद असला तरी तो हीटर आंघोळीपुरतं पाणी तापवून देतो, त्यामुळे दुरुस्तीची घाई करू नका.

भाड्याने राहत असाल तर यातलं काहीच तुम्ही करायचं नाही. इंग्लंडमध्ये हीटिंग आणि गरम पाणी चालू ठेवणं ही १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या अकराव्या कलमानुसार घरमालकाची जबाबदारी आहे आणि गॅसची वार्षिक तपासणीही त्यानेच करून घ्यायची असते. त्याला फोनऐवजी ईमेल करा, तारीख नोंदली जाते. इथे नव्याने शिकायला आलेली आपली मुलं घरमालकाला त्रास नको म्हणून स्वेटरवर स्वेटर घालून बसतात. तसं बसू नका.

आधी घराचा नकाशा

बिघाड शोधण्याआधी अर्धा तास घरात फिरा. माळ्यावर बहुधा दोन टाक्या दिसतील. मोठी टाकी आंघोळीच्या नळांना आणि सिलिंडरला पाणी पुरवते. छोटी, मोठ्या बादलीएवढी, ती फक्त हीटिंगच्या बंद चक्रातलं पाणी भरून काढते आणि तापल्यावर फुगलेलं पाणी सामावून घेते. तिच्यावर वाकलेला एक उघडा पाइप असतो, तो वाफेची आणि हवेची सुटका. या दोन टाक्यांचं पाणी कधी एकत्र होत नाही. झालंच तर काय होतं ते पुढे सांगते.

सिलिंडरच्या कपाटात बहुतेक वेळा पंप असतो आणि त्याच्या पुढे एक किंवा दोन चौकोनी डबी लावलेले व्हॉल्व्ह. एक डबी आणि तीन पाइप असतील तर तो तीन तोंडांचा व्हॉल्व्ह. एका तोंडातून पाणी येतं, दुसऱ्यातून रेडिएटरकडे जातं, तिसऱ्यातून सिलिंडरकडे. दोन डब्या असतील तर रेडिएटर आणि सिलिंडर यांना वेगवेगळे व्हॉल्व्ह आहेत. एकही डबी नसेल तर तुमच्याकडे सगळ्यात जुनी पद्धत आहे: सिलिंडरकडे गरम पाणी आपोआप वर चढून जातं आणि पंप फक्त रेडिएटरसाठी फिरतो. अशा घरात गरम पाणी बंद ठेवून नुसतं हीटिंग चालत नाही. त्याला बिघाड समजू नका.

पाइपांचं वयही पाहा. ब्रिटनमध्ये तांब्याचे पाइप १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंचांवरून मिलिमीटरवर आले. अर्ध्या इंचाच्या जुन्या पाइपावर १५ मिलिमीटरचा जोड बसतो, पण पाऊण इंचावर २२ मिलिमीटरचा साधा जोड नीट बसत नाही, गळतो. त्यासाठी वेगळा अडॅप्टर मिळतो. मी हे एका रविवारी संध्याकाळी, दुकानं बंद झाल्यावर शिकले.

हाताने निदान

थर्मोस्टॅट पूर्ण वर करा, गरम पाणी आणि हीटिंग दोन्ही चालू करा आणि वीस मिनिटांनी घरभर रेडिएटरना हात लावत फिरा. पाइप भाजण्याइतके तापतात, तेव्हा हाताची मागची बाजू लावा आणि क्षणभरच.

बॉयलर पेटलाच नसेल तर आधी क्षुल्लक कारणं पाहून घ्या. टायमरचं घड्याळ बरोबर आहे का? मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे वेळ बदलते आणि जुना टायमर स्वतःहून बदलत नाही. फ्यूज गेलाय का? तिथे ३ अँपिअरचा फ्यूज असतो, तो पुन्हा पुन्हा जात असेल तर जास्त अँपिअरचा घालायचा नाही, पंपात किंवा व्हॉल्व्हमध्ये कुठेतरी पाणी शिरलंय असं समजायचं. बिनतारी थर्मोस्टॅटची बॅटरी संपली आहे का? भिंतीवरचा जुना थर्मोस्टॅट हळूहळू फिरवला तर ‘टिक’ आवाज यायला हवा.

बॉयलर पेटतो आणि तरी घर थंड आहे, तर थंडी कुठे आहे त्यावरून पुढची दिशा ठरते. वरच्या मजल्यावरचे सगळे रेडिएटर थंड आणि खालचे गरम, तर प्रणालीत पाणी कमी आहे, माळ्यावर जा. सगळेच थंड पण बॉयलरजवळचा पाइप कडक गरम, तर पंप पाहा. नळाला गरम पाणी आहे आणि रेडिएटर मात्र थंड, तर व्हॉल्व्ह किंवा खोलीतला थर्मोस्टॅट. एकच रेडिएटर थंड असेल तर दोष त्याच रेडिएटरमध्ये आहे. तो वरून थंड असेल तर हवा, तळाशी मधोमध थंड असेल तर गाळ. आणि बॉयलरपासून दूर जावं तसतसे रेडिएटर कोमट होत गेले तर पाण्याची वाटणी चुकली आहे.

माळ्यावरची छोटी टाकी

टॉर्च घ्या, पाय फक्त लाकडी तुळयांवर ठेवा. मधल्या, ऊब धरून ठेवणाऱ्या पिवळ्या लोकरीखाली केवळ प्लास्टरची छत असते, पाय थेट खालच्या बेडरूममध्ये उतरतो.

टाकीचं झाकण काढा. हीटिंग थंड असताना तळापासून चार-पाच इंच पाणी असावं, इतकंच. वर मोकळी जागा ठेवलेली असते, कारण तापल्यावर चक्रातलं पाणी फुगून इथे येतं. टाकी कोरडी असेल तर बॉलकॉकचा दांडा हलक्या हाताने खाली दाबा. वर्षानुवर्षं हललेला नसतो, म्हणून चिकटतो. पाणी सुरू झालं तर निम्मं काम झालं. मात्र पुढच्या उन्हाळ्यात बॉलकॉक बदलून टाका. एकदा चिकटलेला पुन्हा चिकटतो. आणि पाणी गेलं कुठे, हा प्रश्न विसरू नका. चक्रातलं पाणी वापरलं जात नाही, म्हणजे कुठेतरी गळतंय. व्हॉल्व्हच्या नटांखाली, रेडिएटरच्या तळाला, लाकडी जमिनीखाली ओल शोधा.

उलट, टाकी काठोकाठ भरली असेल आणि घराबाहेरच्या पाइपातून ठिबकत असेल, तर बहुधा बॉलकॉकचा वायसर गेलाय. वायसर बदलूनही पाणी चढतच राहिलं आणि दोन्ही टाक्यांची पातळी एकसारखी झाली, तर सिलिंडरच्या आतल्या वेटोळ्याला (ज्यातून हीटिंगचं पाणी फिरून सिलिंडर तापवतं त्या पाइपाला) भोक पडलं आहे आणि मोठ्या टाकीचं पाणी हीटिंगच्या चक्रात शिरतंय. अशा वेळी सिलिंडर बदलावा लागतो.

आता तिसरी गोष्ट, जी प्लंबरसुद्धा घाईत पाहत नाहीत. हीटिंग चालू असताना टाकीतलं पाणी कोमट-गरम आहे का, माळ्यावर दमट वाफ आहे का? कोणाला तरी खाली पंप चालू करायला सांगा आणि वरच्या वाकलेल्या पाइपाकडे पाहत राहा. त्यातून टाकीत पाणी पडत असेल तर ते मोठं दुखणं आहे. पाणी गोल गोल फिरताना प्रत्येक फेरीत हवेतला ऑक्सिजन घेऊन जातं आणि रेडिएटर आतून गंजतात. तुम्ही कितीही वेळा रेडिएटर साफ करा, सहा महिन्यांत पुन्हा काळा गाळ.

पंपाचा वेग जरुरीपेक्षा जास्त असणं हे याचं एक कारण. दुसरं जास्त सापडणारं कारण म्हणजे छोट्या टाकीतून खाली येणारा पाइप चक्राला जिथे मिळतो तिथे गाळ साचून तोंड बंद होणं. हे तपासायची युक्ती सोपी आहे. सिलिंडरच्या कपाटात त्या जोडावर एक दमदार चुंबक टेकवा. तांब्याला चुंबक चिकटत नाही. तिथे तो चिकटला तर आत लोखंडाचा काळा गाळ, मॅग्नेटाइट, घट्ट बसला आहे. तेवढा पाइपाचा तुकडा कापून नवा बसवणं हाच उपाय. औषधं ओतून तो सुटत नाही असा माझा तरी अनुभव आहे.

पंप

उन्हाळाभर बंद राहिलेला पंप ऑक्टोबरात अडकतो. तो चालू आहे का हे पाहायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवा. फिरत असेल तर संथ घरघर ऐकू येते. नुसती गुणगुण आणि पंपाचं अंग तापलेलं, म्हणजे वीज पोचते आहे पण आतला दांडा फिरत नाही.

वीज बंद करा, पंप थंड होऊ द्या. जुन्या पंपांच्या तोंडावर मधोमध मोठा स्क्रू असतो. खाली कापड धरून तो काढा, थोडं पाणी येईल. आत दांड्याच्या टोकाला खाच दिसेल, त्यात छोटा स्क्रूड्रायव्हर घालून दांडा दोन्ही बाजूंना फिरवा. अडकलेला सुटला की बोटांना कळतं. स्क्रू परत लावा, मग वीज. पंप एवढ्यानेही सुरू झाला नाही तर नवा घ्यावा लागेल.

पंपाच्या दोन्ही बाजूंना त्याचं पाणी तोडणारे व्हॉल्व्ह असतात. तीस वर्षं न फिरलेला व्हॉल्व्ह जोर लावून फिरवाल तर बहुतेक वेळा तोच गळायला लागतो. पाव फेरी फिरवून पाहा, हलला नाही तर पूर्ण पाणी काढूनच पंप बदलायचा असं धरून चला.

पंपावर १, २, ३ असे वेग असतात. घर लवकर तापावं म्हणून ३ वर ठेवणारे पुष्कळ. त्याने पाइपांत सळसळ आवाज येतो आणि वर सांगितलेला टाकीत पाणी पडण्याचा त्रास सुरू होऊ शकतो. २ वर सगळे रेडिएटर तापत असतील तर तिथेच ठेवा.

तीन तोंडांचा व्हॉल्व्ह

डबीच्या बाजूला एक छोटी दांडी असते. वीज नसताना हा व्हॉल्व्ह स्प्रिंगने सिलिंडरच्या बाजूला उघडा राहतो. म्हणून छोटी मोटर जळली की नळाला गरम पाणी येत राहतं आणि रेडिएटर मात्र थंड पडतात. तपासायला फक्त हीटिंग चालू करून दांडी हलवा. ती सैल असेल तर मोटरने व्हॉल्व्ह फिरवला आहे. स्प्रिंगचा ताण जाणवत असेल तर मोटर काम करत नाही, किंवा थर्मोस्टॅटकडून तिला वीजच येत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत वेळ मारून नेता येते. दांडी ओढून ‘मॅन्युअल’च्या खाचेत अडकवा, व्हॉल्व्ह मधोमध उघडतो आणि दोन्हीकडे पाणी जातं. पण एक ग्यानबाची मेख आहे: बॉयलर पेटायला गरम पाणीही चालू असावं लागतं आणि सिलिंडर पुरेसा तापला की बॉयलर थांबतो. मग रेडिएटरही थांबतात. पाहुणे असताना सकाळच्या आंघोळी लागोपाठ झाल्या की घर ऊबदार राहतं, असा उलटा हिशेब होतो.

याच्या विरुद्ध दुखणं म्हणजे टायमर, थर्मोस्टॅट सगळं बंद असूनही बॉयलर पेटलेला. बहुतेक वेळा डबीच्या आतला बारीक स्विच चिकटलेला असतो. काही व्हॉल्व्हची नुसती मोटर वेगळी मिळते, काहींचं डोकं पाणी न काढता उतरतं, तर काहींना पूर्ण व्हॉल्व्ह बदलावा लागतो. वायरींचा फोटो काढल्याशिवाय एकही वायर सोडवू नका. विजेची भीती वाटत असेल तर हे काम इलेक्ट्रिशियनही करू शकतो, त्याला गॅस सेफ नोंदणी लागत नाही.

सिलिंडरच्या अंगाला, तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर, एक थर्मोस्टॅट बांधलेला असतो. तो ६० अंशांवर ठेवा. गॅस वाचवायला तो ४५ वर आणू नका, कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जंतू वाढतात.

रेडिएटर: हवा, पिन, गाळ

हवा काढणं सगळ्यांना माहीत असतं, तरी दोन चुका नेहमी होतात. पंप चालू ठेवून हवा काढू नका. काही ठिकाणी तो बाहेरची हवा उलट आत ओढतो. आणि खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर जा. किल्लीने अर्धी फेरी पुरे, हिस्स आवाज थांबून पाणी आलं की बंद. खाली कापड हवं. ते पाणी काळं असतं आणि गालिच्यावरचा डाग निघत नाही.

एकाच रेडिएटरमध्ये दर पंधरा दिवसांनी ‘हवा’ साठत असेल तर ती बहुधा हवा नाही. आत लोखंड गंजताना हायड्रोजन तयार होतो. तो पेट घेतो, तेव्हा जवळ उदबत्ती किंवा निरांजन नको. आमचं देवघर नेमकं एका रेडिएटरवरच्या फळीवर आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आकडे लिहिलेलं प्लास्टिकचं डोकं असलेला व्हॉल्व्ह असेल आणि रेडिएटर पूर्ण थंड असेल, तर उन्हाळ्यात त्याची पिन आत अडकलेली असते. डोक्याखालची गोल कडी हाताने सोडवा, डोकं उचला. आत बारीक पितळी पिन दिसेल. पान्याच्या सपाट बाजूने ती हळूच दाबा आणि सोडा. ती स्प्रिंगने वर यायला हवी. येत नसेल तर तेलाचा फवारा मारा, बाजूला टकटक करा, पुन्हा दाबा. पक्कडीने ओढून बाहेर काढू नका. ती हातात आली तर मागोमाग घरभर पाणी. हिवाळा संपला की ही डोकी पूर्ण उघडी ठेवून द्या, पिन अडकत नाही.

तळाशी थंड असेल तर गाळ. कंत्राटदार लगेच यंत्राने सगळी प्रणाली धुवायचं सुचवतात. त्याचा उपयोग होतो, पण चाळीस वर्षांच्या रेडिएटरमध्ये कधीकधी गाळानेच भोकं बुजवलेली असतात आणि जोराच्या पाण्याने ती उघडी पडतात. एक-दोन रेडिएटरच खराब असतील तर मी ते काढून अंगणात धुते.

एका बाजूचा नळ पूर्ण बंद करा. दुसऱ्या बाजूच्या टोपीखालचा व्हॉल्व्ह पान्याने बंद करताना किती फेऱ्या लागल्या त्या मोजा आणि भिंतीवर पेन्सिलने लिहा. खाली पसरट ट्रे, जुनी पातळ चादर, बादल्या. एका टोकाचा नट थोडा सैल करा, मग वरचा हवेचा स्क्रू हळूहळू उघडा, पाणी ट्रेमध्ये येईल. रिकामा झाल्यावर दोन्ही टोकांना कापडाचे बोळे कोंबा आणि दोघांनी मिळून उचला, लोखंड जड असतं. बाहेर नळीने पाणी सोडा, रबरी हातोड्याने हलके ठोके द्या, डांबरासारखा गाळ निघतो. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. परत बसवताना भिंतीवरच्या आकड्याइतक्याच फेऱ्या उघडा.

हे काम केल्यावर गंजरोधक औषध घालायलाच हवं. छोट्या टाकीचा बॉलकॉक दोरीने वर बांधा, खालच्या ड्रेन कॉकला, म्हणजे चक्रातलं पाणी काढायच्या नळाला, नळी लावून चार-पाच बादल्या पाणी काढा, टाकीत औषध ओता, मग बॉलकॉक सोडा म्हणजे ते चक्रात उतरतं. एक लिटरची बाटली साधारण शंभर लिटर पाण्याला पुरते. मोठ्या घराला दोन लागतात. बाटलीवरचं प्रमाण पाहा.

पाण्याची वाटणी

ज्याने गावाकडे उसाला दारं धरली आहेत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाटाच्या तोंडाशी असलेला शेतकरी दार मोकळं ठेवून बसला तर शेवटच्या वावरात पाणी पोचतच नाही. रेडिएटरचंही तसंच. बॉयलरजवळचा रेडिएटर सगळं गरम पाणी ओढतो आणि टोकाच्या बेडरूममध्ये मूल रजईत कुडकुडतं.

सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, घर थंड होऊ द्या. मग हीटिंग लावून कोणता रेडिएटर आधी तापतो तो क्रम कागदावर लिहा. पहिल्या नंबरच्या रेडिएटरचा टोपीखालचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून फक्त पाव फेरी उघडा. दुसऱ्याचा थोडा जास्त, असं करत शेवटचा पूर्ण उघडा. प्रत्येक बदलानंतर वीस मिनिटं थांबा. पाइपाला चिकटवायचे दोन थर्मामीटर असतील तर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपात जुन्या बॉयलरवर साधारण ११-१२ अंशांचा फरक यावा. नसतील तर हात पुरे. हे काम रविवारभर चालतं आणि एक पौंडही खर्च होत नाही. माझ्या मते जुन्या घरात याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाने होत नाही. आणि रेडिएटरसमोरचा सोफा सरकवा.

शेवटी बॉयलर

तुमच्या हातातलं इथे थोडंच आहे. जुन्या बॉयलरमध्ये कायम पेटती छोटी ज्योत असते. ती विझली तर झाकणावरच्या सूचनांप्रमाणे बटण दाबून धरून पेटवा, वीस-एक सेकंद धरा, हळूच सोडा. विझली तर तीन मिनिटं थांबून पुन्हा. सोडल्याबरोबर दरवेळी विझत असेल तर थर्मोकपल (ज्योत पेटलेली आहे हे ओळखणारा भाग) गेलं असावं, ते इंजिनीअरचं काम. जास्त तापल्यावर बंद करणारं बटण असेल तर ते एकदाच दाबा. पुन्हा सुटलं तर पाणी फिरत नाहीये, म्हणजे टाकी आणि पंपाकडे परत जा.

किटलीत आधण यावं तसा बॉयलरमधून गडगडाट येत असेल तर आत क्षाराचा किंवा गाळाचा थर आहे. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी जड. चहाच्या किटलीच्या तळाशी जो पांढरा थर दिसतो तोच आत असतो. ग्लासगोत कॅट्रीन सरोवराचं हलकं पाणी येतं, तिथे क्षाराचा संशय शेवटी घ्यावा. सतत नवं पाणी भरावं लागत असेल तरच क्षार वाढतो, म्हणून हेही गळतीशी जाऊन मिळतं.

बॉयलरचं तापमान ५५-६० अंशांवर आणून बिल कमी करा, हा सल्ला सगळीकडे फिरतो. तो कंडेन्सिंग बॉयलरसाठी, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या बॉयलरसाठी आहे. इंग्लंड-वेल्समध्ये ते २००५ पासून सक्तीचे झाले, त्याआधीचा तुमचा बॉयलर बहुधा तसा नसेल. परत येणारं पाणी साधारण ५४ अंशांखाली गेलं तर धुरातली वाफ आत पाणी होऊन टपकते, ते आम्लधर्मी असतं आणि बिडाच्या भागांना खातं. जुन्या बॉयलरला गरमच चालू द्या, बचत वेळेत आणि थर्मोस्टॅटमध्ये करा.

इंजिनीअर बोलावण्याची वेळ आलीच तर त्याला “हीटिंग चालत नाही” एवढंच सांगू नका. कोणते रेडिएटर थंड, टाकीत किती पाणी, पंप फिरतो का, दांडी सैल की ताणलेली, हे कागदावर लिहून द्या. चुंबक चिकटला असेल तर ती जागा खडूने खुणावून ठेवा. आणि दार उघडल्यावर त्याचं गॅस सेफ कार्ड मागा, तेही उलटून. मागच्या बाजूला तो कोणत्या प्रकारच्या उपकरणांवर काम करू शकतो ते लिहिलेलं असतं.